अंबाडीचं दावं अन् आमचा झरा

आपला जिल्हा महाराष्ट्रात आला त्या सुमाराची गोष्ट. आर्णीकडं आमचा बंजाऱ्यांचा तांडा, अन् नाल्यानं वर गेलं की एका पाटलाचं शेत. थंडी लागली की पाटील अंबाडीच्या पेंढ्या नाल्यात दगडाखाली सडू घाली. साल सुटली की तिचे दोर, दावी वळी. माल मजबूत, नाव ठेवायला जागा नाही; तांड्यातले बैलही त्याच दाव्यांनी बांधलेले. पण खाली वाळूत उकरलेला आमचा झरा काळा पडे, अन् अशी घाण सुटे की म्हैससुद्धा तोंड फिरवी. मग माझी बायको घागर घेऊन टेकडीपलीकडच्या विहिरीवर जाई.

मी तांड्याचा नायक, शिकलो तिसरीपर्यंत, पण बोलायला कोणाला भ्यालो नाही. पाटलाला म्हटलं, बाहेर खड्डा खणा अन् त्यात सडवा.

"नायक, दावं तुम्ही बांधता. मंग खड्डा मी एकट्यानंच काहून खणू?"

तुमचं दावं आजपासून बंद, असं सांगून आलो. घरी पळसाच्या मुळ्यांचा दोर वळला. मुळ्या चांगल्या कुटाव्या लागतात, मी अर्ध्या कुटल्या. बायको म्हणाली, यानं कोंबडीही बांधू नका. ऐकलं असतं तर मी कसला?

पोळ्याला बैल त्याच दोरानं तोरणाखाली नेला. डफडं वाजताच त्यानं हिसका दिला. दोराचा झुपका माझ्या मुठीत, अन् बैल थेट पाटलाच्या अंगणात. तिथला नैवेद्यही खाल्ला म्हणतात. पाटील त्याला नव्या अंबाडीच्या दाव्यानं बांधून, सगळ्यांदेखत घेऊन आला.

"घ्या नायक. दावं बी ठेवा."

"दावं नको. मले खड्डा पाह्यजे."

लोक हसायला लागले. तेवढ्यात बायको घुंगट ओढून पुढं आली.

"पाटील खड्डा खणतीन, अन् दावं बांधणारे गडी त्यात पाणी भरतीन. बायांनी लय वाह्यलं."

पाटील माझ्याकडं पाहे, मी पाटलाकडं. नाही म्हणायची सोय राहिली नाही.

त्या थंडीत पाटलानं खड्डा खणला, अन् आम्ही गडी नाल्यातून घागरी वाहत बसलो. बायको नितळ झऱ्यावर भांडे घासता घासता विचारी, खांदा दुखते का?

पाणीही पाटलानंच भरायला पाहिजे होतं, हे मी आजही म्हणतो. तेव्हाही म्हणत होतो, पण खांद्यावर घागर असलेल्याचं कोण ऐकते?