विळी वरून कशी दिसते

आठवीत शाळा सुटली आणि वर्षभरात मी बंगालमध्ये, गार्डन रीचच्या एका कारखान्यात हेल्पर होतो. राहायचो त्या मेसमध्ये मराठी बोलायला कुणी नव्हतं. कामावर मला 'बर्गी' म्हणत, म्हणजे पूर्वी बंगाल लुटायला आलेले मराठे स्वार. "की रे बर्गी, आज काय लुटलंस?" मी हसायचो. मग नळाखाली तोंड धरायचो, म्हणजे डोळे का लाल, हे कुणी विचारायला नको.

चैत्रात फिटरची परीक्षा होती. नापास झालो असतो तर गावी परत. तिथे आधीच माझ्या पाठची चार तोंडं. परीक्षेत यंत्राच्या भागांची ड्रॉइंग काढायची होती, आणि ड्रॉइंगवरच्या रेघा मला नुसत्या रेघाच दिसत.

मराठी मंडळाच्या गणपतीत रेल्वेतले एक इंजिनिअर भेटले. काय करतोस विचारलं, मी घाबरत परीक्षेचं आणि ड्रॉइंगचं सांगितलं. म्हणाले, "रविवारी सकाळी येत जा. खाऊन येऊ नकोस."

पहिल्या रविवारी त्यांनी स्वयंपाकघरातली विळी आणून जमिनीवर ठेवली. "समोरून दिसते तशी काढ. आता बाजूने. आता वरून." वरून काढतानाही मी पातं उंच उभंच काढलं.

"स्टुलावर चढ. आता सांग, पातं कुठाय?"

पातं नव्हतंच. एक रेघ होती, टोकाला खवणीचे दाते. म्हणजे ड्रॉइंगवरची रेघही अशीच, वरून बघितलेलं पातं.

आतून काकू ओरडल्या, "अहो, भाजी दातांनी चिरू का?"

"पाच मिनिटं! तुझी विळी शिकवतेय त्याला."

"मग तिलाच सर म्हणायला सांगा!"

दोन रविवारांमधले सहा दिवस मी कसेतरी ढकलायचो.

फाल्गुनातच त्यांची बदली झाली. हावड्याला पोचवायला गेलो. विळी गोणपाटात गुंडाळलेली होती. गाडी गेल्यावर पुलावरून चालत परतलो. एवढी माणसं, पण मला हाक मारेल असं त्यात कुणी नव्हतं.

परीक्षेत टेबलावर एक लोखंडी ब्रॅकेट ठेवलं होतं, ते समोरून, बाजूने आणि वरून काढायचं होतं. काहीच सुचेना, तेव्हा मी सरळ बाकावर चढलो.

"ए बर्गी! हे काय?" फोरमन ओरडले.

"वरून बघतोय, साहेब."

पास झालो. निकाल कळताच पाय सवयीने त्यांच्या क्वार्टरकडे धावले. फाटकाशी पोचल्यावर दोरीवरचे अनोळखी कपडे दिसले. तसाच मागे फिरलो.

आता रविवारी माझ्याकडे परीक्षेला बसणारी पोरं येतात, त्यांनाही मी स्टुलावर चढवतो. आणि बजावून ठेवलंय, निकाल काहीही लागो, आधी इथे यायचं. मी घरीच असेन.