अक्काची वाकी आणि माझा नेम

अक्का म्हणजे माझी थोरली आत्या. तिच्या लग्नातली चांदीची वाकी तिच्या पत्र्याच्या पेटीत कापडात गुंडाळून ठेवलेली असे. वाकी दंडात घालतात. ती तेरा वर्षांच्या नवरीच्या दंडाच्या मापाची होती, आणि माझ्या एकविसाव्या वर्षी ती माझ्या खांद्याजवळ चढवली की सुळकन कोपरावर येऊन थांबे. दर रविवारी न्हाणीत जाताना मी ती लपवून घेऊन जाई, चढवून पाही, घसरली की पुसून पुन्हा पेटीत ठेवी. दंड वाढवायला निघालेल्या माणसाजवळ मापाचे एवढे एकच साधन होते, आणि तेही चोरीचे.

हे सगळे सुरू झाले शाळेमुळे. नऊ वर्षे मिशनच्या इंग्रजी शाळेत, बोर्डिंगात राहून मी जळगावला घरी परतले, तेव्हा मला इंग्रजी उत्तम येत होते आणि कोणाशी बोलणे अजिबात येत नव्हते. धुळ्याच्या एका मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची हंगामी जागा मिळाली आणि मी अक्काच्या घरी राहायला आले. मला शिकवायला आवडे. वर्गात बोलायचे काय ते पुस्तकात छापलेले असते, ही त्या कामातली मोठी सोय.

श्रावणात मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला खोलीत बोलावले. शाळेत जोडीचा वर्ग सुरू करायचा होता; दोन्ही हातांत लाकडी मुद्गल घेऊन ते डोक्यामागून फिरवायचे, एक फेरा म्हणजे एक हात. पौषात संमेलन. त्या दिवशी कमिटीसमोर जी शिक्षिका मुलींकडून पन्नास हात करवून घेईल, आणि स्वतः पुढे उभी राहून करील, तिची जागा कायम. "इंग्रजीला काय, कोणीही मिळतं," बाई म्हणाल्या. मी "हो" म्हणाले. घाबरले की मी नेहमी "हो" म्हणते.

जागा कायम झाली नाही तर जळगाव. वडील कमी बोलणारे. निघताना ते एवढेच म्हणाले होते, "नोकरी आहे तोवर आहे. सुटली की मग पुढचं बघू." हे पुढचे जामनेरला राहत होते. त्यांचा कापसाचा मोठा व्यापार होता, आणि मुलाला नोकरी करणारी बायको नको होती. त्याला मी पाहिले नव्हते. तो वाईट असेल असे नव्हे. पण मला माझा वर्ग हवा होता.

मुद्गल दोन-दोन शेरांचे. पहिल्या दिवशी मी चार हात केले आणि पाचव्याला उजवा मुद्गल माझ्या वेणीत अडकला. त्याच आठवड्यात मुलींना तपासायला डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी माझाही दंड दोन बोटांत धरला आणि काही हरवल्यासारखा चेहरा केला. "इथे मांस कुठे आहे, बाई? अंडी खा."

अक्काच्या घरी सगळ्यांच्या गळ्यात माळ. अंडे हा शब्दही चुलीपासून लांब उच्चारायचा. मी शाळेच्या कपाटातून शरीर कमावण्यावरचे एक इंग्रजी पुस्तक काढले. त्यात प्रोटीनचे एक पानभर कोष्टक होते. वरून एकेक ओळ पेन्सिलीने खोडत गेले: गोमांसाचा रस्सा, अंडी, मासे, कोंबडी. पान संपत आले तेव्हा तळाशी एक ओळ उरली, वाटाणे आणि कडधान्ये. त्या ओळीवर मी माझे सारे आयुष्य टाकले. अक्का रोज कळण्याची भाकरी थापत असे, ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची. पण ती पुस्तकात नव्हती. शिवाय ती काळपट, खरखरीत, आणि बोर्डिंगात पावावर वाढलेल्या मला ती गिळताना पाणी लागे. मी गव्हाची पोळी मागून घेई आणि मांसवर्धक अन्न कुठे मिळेल याचा विचार करत ती खाई.

तर मी हरभरे भिजवायचे ठरवले. रोज मूठभर. अक्काला सांगितले असते तर तिने परातभर भिजवून दिले असते. पण सांगायचे काय? मला दंड हवेत? हे वाक्य मी मराठीत आणि इंग्रजीत मनाशी करून पाहिले. दोन्हीकडे ते निर्लज्ज वाटले. मग लपवायला जागा शोधली. स्वयंपाकघरात सारखी हलवाहलव. माझ्या ट्रंकेत वास मारेल. घरात एकच फळी अशी होती की जिथल्या वस्तूला कोणी हात लावत नसे, ती देवाजवळची. तिथे मी हरभऱ्यांचा तांब्या फडक्याने झाकून ठेवला. सकाळी न्हाऊन आले की तिथेच उभी राहून, कोणी यायच्या आत, मुकाट्याने चावून खाई. फळी पूर्वेच्या भिंतीला होती.

पाचव्या दिवशी तांब्याला हळदकुंकू लागलेले दिसले.

इंग्रजी शाळेत शिकलेले डोकेच असे की मला त्याचा अर्थ कळायला दोन दिवस लागले. न्हाऊन, पूर्वेकडे तोंड करून, देवासमोर, न बोलता, रोज मोजके हरभरे. अक्काच्या मते मी नेम धरला होता. आणि लग्नाच्या वयाची मुलगी नेम कशासाठी धरते हे विचारावे लागत नाही. विचारायचेही नसते, बोलून दाखवला की नेमाचे फळ जाते. त्यामुळे तिने विचारले नाही आणि मी सांगितले नाही. दोघींनी रीत अगदी काटेकोर पाळली.

त्या संध्याकाळी माझ्या ताटात वरण नव्हते. पोळीही नव्हती. साबुदाणा होता आणि दोन केळी.

"अक्का, जेवण?" मी एवढे धाडस केले.

"तुले एकच टाइम जेवनं शे आते," अक्का हळू आवाजात म्हणाली. "माले समजनं. तू काही बोलू नको."

नाना, म्हणजे अक्काचे यजमान, भाकरी कुस्करत म्हणाले, "इंग्रजी शिकनी, तरी पोर देवले इसरनी नही." आणि त्यांनी स्वतःच्या वाटीत वरण आणखी एक डाव ओतून घेतले. मी ते वरण वाटीत पडताना पाहिले.

म्हणजे मूठभर हरभरे मिळवण्याच्या खटपटीत मी रोजचे एक सबंध जेवण घालवले. पुस्तकातल्या दुसऱ्या एका कोष्टकात पाहिले तर साबुदाण्यासमोर प्रोटीनच्या रकान्यात जवळजवळ काही नव्हते. तरी मी गप्प राहिले. भाद्रपद गेला, आश्विन गेला. कच्च्या हरभऱ्यांनी पोटात जे चाले ते चौथीच्या वर्गात सगळ्यांना ऐकू जाई. एकदा मी इंग्रजी कविता वाचत असताना, ओळ संपून जिथे थांबायचे तिथे पोटानेच पुढचे म्हटले. पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, परत वाचता का? नीट ऐकू नाही आलं." ती आगाऊ नव्हती. तिला खरेच ऐकू आले नव्हते.

जोडीचे हात बारावर अडकले होते. वाकी कोपरावर.

दिवाळीनंतर जळगावहून पत्र आले. अक्काने नानांकडून कौतुकाने कळवलेच होते की पोरीने नेम धरला आहे. वडिलांनी उत्तरात लिहिले होते की मुलीच्या मनात आहे हे वाचून बरे वाटले. जामनेरच्या मंडळींना मार्गशीर्षात धुळ्यालाच बघायला घेऊन येतो. पत्र मीच अक्काला वाचून दाखवले. आवाज न बदलता वाचले. पुस्तकातले वाचावे तसे.

त्याच सुमारास गावात देवीची साथ आली आणि शाळेत सगळ्यांना टोचले. मला डाव्या दंडाला. पुढच्या रविवारी सवयीने वाकी चढवली, आणि ती थांबली. दंडावरच थांबली. हात झटकला तरी हलली नाही. आता मी सांगते ते कोणाला खरे वाटणार नाही, पण तीन दिवसांपूर्वी त्याच दंडाला टोचले आहे हे मला ठाऊक असून, तो लाल होऊन ठणकत असून, मी न्हाणीतल्या तांब्याच्या हंड्यात स्वतःचे प्रतिबिंब पाहिले आणि मनात म्हणाले, हरभरे लागू पडले. वाकी आणखी थोडी वर सरकवली. नीट दिसावी म्हणून.

मग ती निघेना. साबण लावला, पाणी ओतले. दंड फुगत चालला आणि बोटांना मुंग्या येऊ लागल्या. शेवटी पदराने झाकून मी चुलीपाशी गेले आणि अक्कासमोर हात पुढे केला. अक्काने वाकीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि तेलाची वाटी ओढली.

"मनी वाकी तुना हातमा कशी?"

त्या क्षणी दुखत होते म्हणून असेल, मी सगळे सांगितले. जोडी, कमिटी, डॉक्टरीणबाई, अंडी, देवाजवळची फळी. जामनेरही सांगितले. माझ्या आयुष्यातले ते सर्वात लांब भाषण होते आणि ते मी तेल चोळून घेताना केले. वाकी निघाली तेव्हा अक्काने ती बाजूला ठेवली आणि पदर तोंडाशी नेला. मला वाटले रडते आहे. ती हसत होती.

"दंडसाठे देवपुढे हरभरा? माले वाटनं नवरासाठे. नि हाऊ दंड नही, पोरी, टोचेल शे तठे."

"माहीत आहे."

"तीन महिना साबुदाना खादा तू. तोंड नव्हतं का तुले?"

मी म्हणाले, "जळगावला काय लिहायचं?"

अक्का भाकरी थापू लागली. तिचे दंड मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले. पहाटे दोन पायल्या दळणारे, विहिरीवरून दोन घागरी आणणारे. त्यांवर ती वाकी आता मनगटापुढेही गेली नसती. मग ती म्हणाली, "नेम तं नेम. देवपुढे बसाडेल शे, अर्धा सोडता येत नही. चैतपावतर शे म्हनी लिख. तवपावतर पाहुनासले येवानं काम नही." मी लिहिले. अक्षर न अक्षर खरे होते, असे आम्ही दोघींनी ठरवले.

त्या रात्रीपासून साबुदाणा बंद झाला. कळण्याची भाकरी, उडदाचे घट्ट वरण, शेंगदाण्याची चटणी, वर दूध. "हाई खाय. तुना पुस्तकमा नसी," अक्का म्हणे आणि दुसरी भाकरी टाके. हरभरे चालू राहिले, पण शिजवलेले. चौथीच्या वर्गात कविता पुन्हा ऐकू येऊ लागल्या.

संमेलनाला अक्का पुढच्या सतरंजीवर येऊन बसली. मागे चोवीस मुली, पुढे मी. तिसाव्या हाताला माझे खांदे दुसऱ्या कोणाचे झाले. चाळिसाला अक्का पुटपुटत मोजताना दिसली; ती माझ्यापुढे दोन आकडे होती आणि मला तिला गाठायचे होते. पन्नास झाले. मग शेवटचा नमस्कार करताना माझ्या हातून डावा मुद्गल सुटला आणि घरंगळत कमिटीच्या खुर्च्यांखाली गेला. एका सभासदांनी वाकून तो काढला, हातात तोलून पाहिला आणि म्हणाले, "जड आहे की."

जागा कायम झाली. मोठ्या बाईंनी फक्त एवढे सांगितले की नमस्कार रिकाम्या हातांनी करत जा.

चैत्र लागला. जामनेरच्या मंडळींना कधी आणू, असे विचारणारे जळगावचे पत्र आले. अक्काने ते माझ्याकडून वाचून घेतले, पेटी उघडली, वाकी काढून माझ्या दंडात चढवली आणि हात खाली सोडायला लावला. वाकी जरा थांबली, विचार केल्यासारखी, आणि मग सावकाश कोपरावर आली.

"काय लिखसी? व्हयना का नेम पुरा?"

"नाही," मी म्हणाले. "अजून सैल आहे."