एक चाक आळंदीला, एक देहूला

आमच्या ट्रॅक्टरची पुढची दोन चाकं एकमेकांशी बोलेनाशी झाली, त्याला मी जबाबदार आहे.

ट्रॅक्टर कसला, ट्रॅक्टरचं पिल्लूच ते! चाकणजवळ आमचं जे रान होतं, त्यावर आता कंपन्या उभ्या आहेत. उरलेल्या तुकड्यात मोठा ट्रॅक्टर वळवायचा म्हटलं, तर शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरातून वळवावा लागेल. म्हणून हा छोटा. चालवते माझी बायको, मंगल. त्याच्या मागं गवत कापायचं यंत्र लावून तिनं शेजारच्या कंपनीतली हिरवळ राखायचं काम जवळजवळ मिळवलं होतं. सोमवारी सकाळी बागेच्या साहेबांसमोर चाचणी. पसंत पडलं तर वर्षभराचं काम. त्या भरवशावर तिनं शिवणकाम बंद करून मशीन बहिणीला देऊनसुद्धा टाकलं होतं.

आणि नेमकं शनिवारी स्टिअरिंग ढिलं झालं. अर्धा फेरा फिरवावा, तेव्हा कुठं चाकांना बातमी पोचायची.

"मिस्त्रीला बोलावते," मंगल म्हणाली.

"मिस्त्री?" मी छातीवर हात ठेवून दोन पावलं मागं सरलो (गणपतीत नाटकं केली आहेत मी). "अगं, सगळी नोकरी मोटारींची स्टिअरिंगं जोडण्यात गेली माझी! घरात विहीर भरलेली असताना तू टँकर मागवतेस?"

"अवो, कंपनीतलं येगळं आन् हे येगळं."

"मंगल, तू निवांत झोप."

रविवारी दुपारी कडुनिंबाखाली ट्रॅक्टर लावला आणि त्याच्या खाली पाठीवर आडवा झालो. काय सांगू ते सुख! पानांतून ऊन ठिबकत होतं. लांब कुठल्या तरी कंपनीतलं यंत्र धप्प... धप्प... असं अंगाईसारखं थोपटत होतं. चाकाला वळवणारा दांडा, म्हणजे टाय रॉड, त्याच्या टोकाचा झिजलेला सांधा मी काढला आणि नवा बसवला. हात आपोआप चालत होते. मी तिथं नव्हतोच! माझ्या डोळ्यांपुढं अमर्याद हिरवळ पसरली होती. ना कुंपण, ना कंपनी. तिच्यावरून मंगल संथपणे ट्रॅक्टर चालवत चालली होती, आणि मागून मी ढगावर बसून तिला हात करत होतो. डाव्या बाजूचं झालं. त्याच तंद्रीत उजव्या बाजूचंही केलं. ग्रीस भरलं. मग तिथंच डोळा लागला.

सोमवारी मंगल ऐटीत निघाली. मी स्कूटरवर मागोमाग. ट्रॅक्टर शंभरेक पावलं गेला आणि त्यानं किंचाळायला सुरुवात केली. टायर रस्त्यावर घासत होते. ट्रॅक्टर खेकड्यासारखा अंग चोरत चालला होता. कंपनीच्या फाटकासमोरच्या उतारावर पोचेतो मंगलचे खांदे भरून आले. ती खाली उतरली आणि पुढून चाकांकडे बघत राहिली.

"अवो, इकडं या जरा. हे डावं चाक आळंदीला निघालंय आन् उजवं देहूला. आमी मदी बसून कुठं जायचं?"

फाटकाच्या आत साहेब येरझाऱ्या घालत होते. मंगलनं माझ्या खिशातून फोन काढला आणि मला न विचारता कांबळेला लावला.

कांबळे सांगवीला राहतो. मी आणि तो वर्षानुवर्षं एकाच लाइनवर, समोरासमोर. आमच्या मध्ये कायम एक मोटार असते. डावं चाक माझं, उजवं त्याचं. (ही बारीकशी गोष्ट घरी सांगायची राहून गेली होती.) त्या रात्री मी रजेवर होतो; तो मात्र रात्रपाळी करून घरी निघालेला बिचारा, तसाच वळला. आला, वाकला, बघितलं.

"राव, तुझी बाजू एकदम झकास बसलीये! पण माझी बाजू कुणी केली?"

"मीच."

"अरे, उजवीकडचे आटे उलटे फिरतात! तू आपला डाव्यासारखं पिळत बसलास, दांडा आखूड झाला. भावा, इतकी वर्षं समोर उभा आहेस, कधी बघितलं नाहीस?"

"मी तुझं तोंड बघत होतो."

मंगलनं कपाळाला हात लावला. "म्हंजी मी लगीन अर्ध्याच मिस्त्रीशी केलं म्हना की!"

पण मग काय मजा आली! मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले, चाकं हलवून बघायला मी हँडब्रेक सोडला, आणि आम्ही दोघं दोन बाजूंना भिडलो. मध्ये मोटारीऐवजी ट्रॅक्टर, बाकी सगळं तेच. त्यानं दांडा फिरवला, मी सुतळी धरली, चाकांमधलं पुढचं-मागचं अंतर जुळवलं. एक शब्द बोलावा लागला नाही. सकाळचं ऊन कोवळं होतं, वारा गार होता, आणि काम झाल्यावर दोघांनीही सवयीप्रमाणे जागा साफ केली. हत्यारं उचलली. माझ्या बाजूचा दगड मी काढला, त्याच्या बाजूचा त्यानं.

मग आम्ही एकेक पाऊल मागं सरलो.

ट्रॅक्टर पुढं निघाला.

यात आम्हाला काहीही वावगं वाटलं नाही! जुळणी झाली की गाडी पुढं जातेच, रोज जाते. आम्ही दोघं कृतार्थ नजरेनं पाठमोऱ्या ट्रॅक्टरकडे बघत होतो आणि माना वळवून पुढची गाडी कुठवर आली, तेही बघितलं.

पुढची गाडी आली नाही. मंगलची हाक आली.

"अवोऽऽ! त्यो चाललाऽऽ!"

तोवर फार उशीर झाला होता. इंद्रायणीत सोडलेल्या दिव्यासारखा ट्रॅक्टर अलगद, आवाज न करता, उघड्या फाटकातून आत तरंगत गेला. पहारेकऱ्यानं चक्क सलाम ठोकला. साहेब बाजूला झाले. ट्रॅक्टर हिरवळीवर चढला, मधोमध गेला आणि एक सुस्कारा टाकल्यासारखा थांबला.

माझ्या डोळ्यांपुढं बहिणीच्या घरी गेलेलं शिलाई मशीन दिसू लागलं.

"ड्रायव्हर कुठे आहे याचा?" साहेब ओरडले.

मंगल पदर खोचून, जराही घाई न करता आत गेली. "आले, साहेब. गाडी वाईच पुढं पाठवली व्हती."

"रिकामी?"

"स्टेरिंग किती सरळ हाय, ते तुमाला दिसावं म्हनून. बगा की चाकोरी!"

साहेबांनी वाकून बघितलं. दवानं भिजलेल्या गवतावर दोन रेघा उमटल्या होत्या, पट्टीनं ओढाव्यात तशा. साहेब एका रेघेच्या कडेकडेनं चालून आले. मग म्हणाले, "कापून दाखवा."

तिनं असं कापून दाखवलं की काम तिथल्या तिथं पक्कं! जाता जाता साहेबांनी आमच्याकडे बोट केलं. "ते दोघं कोण?"

"कुनास ठावं," मंगल म्हणाली. "मगाधरनं रस्त्यात उबं हायती."

आता ती रोज सकाळी आत जाते आणि सुट्टीच्या दिवशी मी फाटकाबाहेर बसून जाळीतून तिचा ट्रॅक्टर बघतो. हिरवळ, ऊन, संथ फेऱ्या. अगदी स्वप्नात बघितली तशी. फक्त ढगाच्या जागी पहारेकऱ्याची प्लास्टिकची खुर्ची आहे. माणूस प्रेमळ आहे. परवा चहा घेऊन आला आणि कप माझ्या हातात देता देता थांबला.

"काका, कपाचा कान जरा हलतोय," तो म्हणाला. "पण तुम्ही नीट करू नका."

खोटं कशाला सांगू? माझे हात शिवशिवायला लागले होते.