वाय-फाय प्रिंटर आणि आमचे बाबा

वायरींचा वैताग नको म्हणून बुधवार पेठेतून हौसेने वाय-फाय प्रिंटर आणला. आज सकाळी लेकीचं परीक्षेचं हॉल तिकीट छापायला गेलो, तर प्रिंटर ‘ऑफलाइन’!

बंद करून चालू केला, अ‍ॅप काढून परत टाकलं, हेल्पलाइनवर खेकसलो. लेक बूट घालून दारात, रडकुंडीला आलेली.

पेपरातून डोकं वर न काढता बाबा म्हणाले, "राउटर मी बंद केलाय. उगाच जळत होता."

माझा फोन मोबाइल डेटावर, मला काय कळणार! राउटर पुन्हा सुरू होईपर्यंत थांबायला वेळ नव्हता; शेवटी धावत झेरॉक्सवाला गाठला.

घरी येऊन राउटर चालू केला आणि ‘राउटर बंद करू नये’ अशी पाटी छापायला घेतली. प्रिंटर पुन्हा ऑफलाइन.

मंडळी, बाबांना न विचारता चालणारा प्रिंटर कुठे मिळतो?