गढूळ पाझर

मोरीच्या चाकाला मी हात घातला आणि सखाराम पाटलांनी माझं मनगट धरलं. मोरी म्हणजे तलावातलं पाणी सोडायचं दार. ते पूर्ण उघडलं की आठ दिवसांत तलाव रिकामा.

"ओरसीयर साहेब, तळं खाली केलं तर गहू कशावर पेरायचा? वाफे तयार हायेत!"

"बांध फुटला तर पेरायला गाव तरी उरेल का पाटील?"

मी ओरडलो खरा, पण घाबरलो होतो मीच जास्त. हैदराबाद संस्थान विलीन होऊन थोडीच वर्षं झाली होती. जिंतूरकडचा हा नवा तलाव म्हणजे ओव्हरसीयर म्हणून माझी पहिलीच जबाबदारी. त्या वर्षी तो पहिल्यांदा काठोकाठ भरलेला.

मातीचा बांध थोडा पाझरतोच. पाझर नितळ असेल तर चिंता नाही. गढूळ असेल तर पाणी आतली माती वाहून आणतंय असं समजायचं. मग आत भोक मोठं होत जातं आणि बांध बसतो. आमच्या बांधाच्या पायथ्याला पाझर गोळा करायचा लांब चर होता. त्याच्या तोंडाशी नॉच, म्हणजे खाच पाडलेली लोखंडी फळी. तिच्यावरून रोज पाझर मोजायचा. त्या सकाळी नॉचवरून चहासारखं पाणी पडत होतं. ते पाहिलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

माझे वरिष्ठ इंजिनिअर साहेब नशिबानं जिंतूरच्या बंगल्यावर मुक्कामाला होते. त्यांना बोलवायला चौकीदाराला सायकलवर पिटाळलं होतं. इकडे बायका भांडीकुंडी डोक्यावर घेऊन माळाकडे निघाल्या होत्या. पाटील मनगट सोडेनात. "साहेब येऊ द्या. ते म्हणले तर मीच चाक फिरवतो."

तेवढ्यात जीप आली. साहेब जुन्या निजामी अमदानीतले, पिकल्या मिशांचे. त्यांनी नॉचजवळ उकिडवं बसून पाणी पाहिलं.

"पानी बढा क्या?"

मी फळीवरचा आकडा बघितला. सकाळपासून तो बघायचं सुचलंच नव्हतं. "नाही साहेब. कालच्याइतकंच आहे."

"फिर इत्ता घबराये कायकू? मैला कहाँ से हो रा, ऊपर जाके देखे क्या?"

साहेब उठले आणि चराच्या काठानं वर चालू लागले. मागे मी, पाटील आणि निम्मं गाव. बाभळींच्या आड चर वळतो, तिथं पोचलो आणि थबकलो. चरात पन्नासेक मेंढरं उभी. एक धनगरीण गुडघाभर पाण्यात उभी राहून एकेकाची पाठ चोळत होती.

"बाई, काय करायलाव हे?" पाटलांचा आवाज चिरकला.

"मेंढरं धुवायलोत की. उद्या लोकर कातरायची हाय. तळ्यात तुमचा चौकीदार उतरू देईना. हितलं पाणी लय कोमट हाय, गुमान हुभी राहत्यात बगा."

तलावात जनावरं घालू नयेत, हा हुकूम माझाच!

साहेब धनगरिणीचा तांब्या घेऊन मेंढरांच्या वरच्या अंगाला गेले, तो भरला आणि उन्हात धरला. तांब्याचा तळ लख्ख दिसत होता. तरी त्यांनी मेंढरं बाहेर काढायला लावली आणि आम्हाला नॉचवर तासभर बसवलं. पाणी हळूहळू निवळत गेलं. शेवटी फळीखालचे खडे मोजता येऊ लागले. मी तिथंच चिखलात फतकल मारली आणि हसत सुटलो. पाटलांनी डोळे पुसले आणि माळावरच्या बायकांना हाळी दिली, "या गं खाली, तळं हाय आपलं!"

त्या हंगामात गहू झाला, चांगला झाला. मेंढरं धुवायला आम्ही तलावाच्या टोकाला वेगळी जागा नेमून दिली.

पाझर गढूळ दिसला की धोका समजावा, हा नियम खोटा नाही. पण नियमाला पाय नसतात. शंभर पावलं वर चालून बघायचं काम ओव्हरसीयरचं असतं.