पोटरीतला गोळा आणि सेक्टर टूचं मैदान

बूट झिजायच्या आधी किस्से जमतात, असा आमच्या ग्रुपचा अनुभव आहे. माणूस सकाळी अर्धा तास धावतो आणि त्या अर्ध्या तासाची गोष्ट चहावर तासभर सांगतो. चार वर्षांत माझ्याजवळ इतक्या गोष्टी साठल्यात की बायको म्हणते, "तुमी पळता कमी अन् सांगता जास्त." खरं आहे. आज त्यातल्याच थोड्या सांगतो.

आधी माणसं सांगतो. भोयर काका इथल्या स्टील प्लांटमधून फोरमन म्हणून रिटायर झाले. तरुणपणी प्लांटच्या स्पोर्ट्समध्ये पाच हजार मीटर धावायचे. आता अडुसष्टाव्या वर्षी सेक्टर टूच्या मैदानावर आम्हाला धावायला शिकवतात. डोंगरे माझ्याच ऑफिसात क्लार्क, पोट टेबलाला टेकेल एवढं. सुनंदा वहिनी शाळेत गणित शिकवतात, आमच्याच क्वार्टरांच्या लाइनीत राहतात. आणि मी टेंभुर्णे. डॉक्टरांनी शुगर सांगितली म्हणून आलो आणि अडकलो. शहर हिंदी मुलखातलं, पण आम्हा सगळ्यांची मूळ गावं भंडारा-गोंदियाकडची, त्यामुळे मैदानावर मराठी चालते. मध्येच ग्रुपबाहेरचं कोणी भेटलं की हिंदी.

*

पहिल्या दिवशी मी शिफ्टची बस सुटल्यासारखा धावलो. अर्धा राउंड झाला आणि कडुलिंबाखाली बसलो. काका शांतपणे चालत आले.

"घरून जेवढा दम आणला होता तो सगळा इथंच खर्चला काय?"

मी मान हलवली. बोलता येत नव्हतं.

"हेच चुकलं तुझं. पळता पळता गोष्ट सांगता आली पायजे. नाही आली तर समजायचं, आपण जास्त जोरात पळून राहिलो."

मग त्यांनी डोंगरेला आमच्या पुढे लावलं आणि म्हणाले, "तू गोष्ट सांग. आमी ऐकतो." डोंगरेने मुलीच्या नागपूरच्या ॲडमिशनची गोष्ट काढली. फॉर्म भरण्यापासून सुरुवात केली. मुलगी रुसली, मामा मध्ये पडला, होस्टेलची रूम मिळाली, ती आवडली नाही. आम्ही मागे मागे हळूहळू पळत होतो.

तिसऱ्या राउंडला डोंगरेला एकदम भान आलं. "काका, तीन राउंड झाले. थांबू काय?"

"पोरीले दुसरी रूम मिळाली काय?"

"अजून नाही."

"मंग पळ."

*

माझे गुडघे दुखायला लागले. काका मैदानाच्या कडेला डोळे मिटून उभे राहिले आणि मला समोरून जायला सांगितलं. मी गेलो. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"टेंभुर्णे, तू पळून नाही राहिला. तू टाच आपटून रस्ता फोडून राहिला. ढांग लहान टाक. पाय समोर नोको फेकू, अंगाच्या खाली पडू दे. आवाज कमी आला पायजे."

सवय लागावी म्हणून मी ऑफिसच्या लांब कॉरिडॉरमध्ये प्रॅक्टिस सुरू केली. हातात फाइल, पायात सेफ्टी शूज आणि छोटी छोटी पावलं, भराभर, आवाज न करता. तीन दिवस कोणी काही बोललं नाही. चौथ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "टेंभुर्णे, कोई तकलीफ है क्या? शर्माना मत."

मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या फाइली पोचवायला त्यांनी दुसरा माणूस लावला.

*

सुनंदा वहिनी धावताना मुठी आवळायच्या. खांदे कानाला लागायचे. लांबून वाटायचं, बाई कोणाशी तरी भांडायला निघाली. काका म्हणाले, "वहिनी, सगळी ताकद मुठीतच जाऊन राहिली. हातात नाजूक काही धरून पाहा. तुटलं नाही पायजे."

दुसऱ्या दिवशी वहिनी घरचे दोन उडदाचे पापड घेऊन आल्या, एकेका हातात एक. पहिल्याच वळणावर दोन्हींचा चुरा. चुरा मुंग्यांना घातला. तिसऱ्या दिवशी उजव्या हातातला अर्धा वाचला. रोज दोन पापड जायचे. काका रोज तुकडे पाहायचे आणि एक्स-रे पाहिल्यासारखे सांगायचे, "डावा खांदा अजून वर हाये."

दहाव्या की अकराव्या दिवशी वहिनींनी चार राउंड मारले आणि दोन्ही पापड सगळ्यांसमोर धरले. अख्खे. गणिताच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, मी पाहिलं. कोणी काही बोलायच्या आधी डोंगरेने त्यातला एक उचलून कच्चाच तोंडात टाकला.

"थोडं मीठ कमी हाये," तो म्हणाला.

*

डोंगरेवरून आठवलं. एका रविवारी तो धावता धावता छातीखाली हात दाबून खाली बसला. चेहरा पांढरा. "गेलो बापा," म्हणाला. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याने माझा हात घट्ट धरला.

"टेंभुर्णे, एक सांगायचं राहून गेलं. तुझी पंख्याखालची खुर्ची तीन वर्षांआधी मीच माझ्या खुर्चीशी बदलली होती. तुले वाटलं सफाईवाल्यानं बदलली. माफ कर."

तेवढ्यात काका आले. "कुठं दुखून राहिलं?"

"इथं. उजवीकडे, बरगडीखाली."

"सकाळी काय खाल्लं?"

डोंगरेने डोळे मिटून घेतले.

"काय खाल्लं, सांग ना."

"पोहे."

"किती?"

"दोन प्लेट. येता येता."

काकांनी त्याला उभं केलं. दुखतं तिथे बोटं दाबायला लावली, थोडं पुढे वाकवलं, तोंडाने लांब श्वास सोडायला लावला आणि चालवलं. "पळायच्या दोन तास आधी भरपेट खायचं नाही. फार तर एक केळ," एवढंच म्हणाले. पाच मिनिटांत कळ गेली.

खुर्ची मी सोमवारी परत घेतली.

*

माझीही फजिती सांगतो, नाहीतर डोंगरे म्हणेल एकतर्फी लिहिलं. तीन किलोमीटर जमायला लागल्यावर मला चढली. कोणाला न सांगता एकदम सात किलोमीटर ठरवले आणि मे महिन्यात, पाणी न पिता, कॅम्प वनच्या बाजारापर्यंत गेलो. तिथे डाव्या पोटरीत असा गोळा आला की मी भर बाजारात दुकानाच्या पायरीवर आडवा.

गर्दी जमली. एक म्हणे प्याज सुंघाओ. दुसऱ्याने खरोखर चप्पल काढून माझ्या नाकाशी धरली. मी म्हटलं, "भैया, मिर्गी नहीं है, पैर में गोला है." तो म्हणाला, "पहले सूंघ तो लो." मी वास घेतला. गोळा तसाच. शेवटी एक आजी लिंबू-मीठ घातलेलं पाणी घेऊन आल्या. एकेक घोट प्यालो, हळूहळू पाय सुटला आणि ऑटोने घरी आलो.

काका रागावले नाहीत. म्हणाले, "अंतर कसं वाढवायचं? भाजीत मीठ वाढवते तसं. चिमूटभर. अन् पाणी दिवसभर प्यायचं, पळायच्या टायमाले बादलीभर नाही."

*

आता शेवटचा. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे दहा किलोमीटरची दौड होती. वहिनींची पहिलीच. त्यांच्या घरी सासूबाई आहेत, पंच्याहत्तरच्या पुढच्या. सून पँट घालून पळते हे त्यांना पटलेलं नव्हतं. "बाईमाणसानं रस्त्यावर काहून पळावं?" असं एकदा विचारलं आणि त्यानंतर चार महिने सकाळी सुनेशी बोलल्या नाहीत. चहाचा कप ठेवायच्या आणि आत जायच्या. दौडीच्या दिवशी वहिनींनी पाया पडून विचारलं, "जाऊ काय?" तर त्या तोंड फिरवून देवापाशी जाऊन बसल्या.

आठव्या किलोमीटरला वहिनींच्या पोटरीत गोळा आला. त्या एका चौकात डिव्हायडरवर बसल्या. मी सोबत होतो, पण पाय धरायला माझा हात पुढे होईना, त्यांनाही नकोसं वाटत होतं. मागून लोक पुढे चालले होते. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, तुमी जा. माझं झालं." रडत होत्या, पण दुखण्यामुळे नाही.

तेवढ्यात रस्त्यापलीकडून सासूबाई आल्या. लुगडं, हातात कापडी पिशवी. गाड्यांना हात दाखवत सरळ आल्या आणि डांबरावर बसल्या.

"पाय सरळ कर."

"आई, तुमी इथं?"

"सरळ कर म्हणलं ना."

त्यांनी सुनेचा पाय बुटासकट मांडीवर घेतला. वहिनी पाय ओढायला लागल्या. "आई, माझ्या पायाले हात नका लावू."

"गप बस." एक हात गुडघ्यावर दाबून ठेवला आणि दुसऱ्या हाताने बुटाचं टोक नडगीकडे ओढून धरलं. झटका नाही, घाई नाही. मग अंगठ्याने पोटरी दाबत खालून वर गेल्या. "तुझा सासरा भट्टीवरून घरी यायचा तो पायात गोळे घेऊनच. पंचवीस वर्षं हेच केलं म्या."

दोन-तीन मिनिटं गेली. त्यांनी पाय खाली ठेवला, लुगड्याला हात पुसले.

"टेकवून पाहा. टेकते ना? मंग ऊठ. बाया समोर चालल्या."

वहिनी आधी लंगडत चालल्या, मग हळूहळू धावल्या. दौड पूर्ण केली. मेडल गळ्यात घालून घरी गेल्या तेव्हा सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"आई, तुमी त्या चौकात कशा काय?"

"भाजी घ्याले गेली होती," सासूबाई तांदळातून नजर न काढता म्हणाल्या.

पिशवी खुंटीला रिकामी लटकली होती. त्या चौकात फक्त एक पेट्रोल पंप आहे आणि एक बँक.