घर नसलेला फाटा

“दुकान त्यानं, मशीन त्यानं, मंग चोर काय आभायमाईन पडी?”

चोर काय आभाळातून पडणार, असं हवालदार काका व्हरांड्यात शिपायाला सांगत होते. आत मी त्याच गुन्ह्याचे जबाब चाळत होते. पुढे मी नोकरी सोडली, तरी त्या गुन्ह्याचं पान मनातून निघालेलं नाही.

ठाणं सातपुड्याच्या पायथ्याशी, बाजाराच्या गावात. मी तिथे उपनिरीक्षक होते, वयानं सर्वांत लहान. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे स्टेशन डायरीतली मराठी मी ठाण्यात शिकले. कॉम्प्युटरचं काही आलं की माझ्या टेबलावर यायचं. मला ते बरं वाटायचं, कारण त्यात बोलावं कमी लागतं.

खबर वसतिगृहाच्या गृहपालांकडून आली. डोंगरातली काही मुलं प्रवेश शुल्काची पावती घेऊन दारात उभी होती. प्रवेशाला शुल्कच नव्हतं. पावती खोट्या वेबसाइटची होती, आणि जवळजवळ सगळे अर्ज एकाच दुकानातून भरलेले होते.

दुकानदार शेठजी. आजोबा राजस्थानातून आलेले, वह्या-पेनांचं दुकान, कोपऱ्यात दोन कॉम्प्युटर. चौकशीला बोलावलं तेव्हा त्यांच्या पत्नी बाहेर बाकावर डबा घेऊन बसल्या. तो त्यांनी उघडला नाही.

“शेठ, हीच साइट कशी काय उघडली?” ठाण्याच्या प्रभारी साहेबांनी विचारलं.

“सर्च केलं साहेब. जी वर आली ती उघडली. खाली लिहिलेलं होतं ना, मोलगी भागातल्या विद्यार्थ्यांसाठी. मला वाटलं, सरकारनं सोय केली.”

“आणि पैसे?”

“मैं तो फॉर्म भरतो साहेब. साइट बनवता आली असती तर वह्या कशाला विकल्या असत्या?”

हवालदार काका हसले. साहेब हसले नाहीत. पैसे एका ऊसतोड मजुराच्या खात्यात गेले होते, आणि तो गुजरातेत कुठे होता ते घरच्यांनाही माहीत नव्हतं. हाताशी फक्त शेठजी होते.

चौकशीत घाबरलेला माणूस जास्त बोलतो, तर खोटा माणूस नेमकं बोलतो. शेठजी जास्त बोलत होते. पण हे मत होतं, पुरावा नव्हे.

मी साइटचा सोर्स उघडला. पानावर जे दिसतं त्याच्यामागे त्याचा कोड असतो. त्यात वर दोन ओळी असतात. एक वर्णनाची, मेटा डिस्क्रिप्शन. सर्चमध्ये नावाखाली बहुतेक वेळा तीच दिसते आणि माणूस तीच वाचून क्लिक करतो. शेठजी तिलाच फसले होते. दुसरी ओळ कीवर्डची. मोठी सर्च इंजिनं ती आता विचारातच घेत नाहीत, तरी जुन्या क्लासमध्ये शिकलेले लोक सवयीनं भरतात. इथेही भरली होती. नुसती गावांची नावं.

आधी डोंगरावरची, सर्वांत लांबची मोलगी, मग घाटातली गावं, शेवटी पायथ्याचे पाडे. सरकारी यादी अशी लागत नाही. आणि मधोमध एक फाटा होता. त्या फाट्यावर मी बंदोबस्ताला उभी राहिलेली आहे. तिथे एक वड आहे, वाट आत जाते, घर एकही नाही. विद्यार्थी कुठून येणार?

उत्तर स्टँडवर मिळालं. मी चहा घेत होते आणि एक जण जीप भरत होता. “मोलगी, मोलगी, चला बाई, मांगे सरका.” लांबचे प्रवासी आधी आत, जवळचे मागच्या फळीवर, म्हणून पुकारा लांबून जवळ येतो. त्यात फाटाही आला, बरोबर त्याच जागी. फाट्यावर कोणी राहत नाही, पण उतरतात पुष्कळ.

ती ओळ लिहिणाऱ्यानं कधीतरी जीप भरली असावी, पण यानं काही सिद्ध होत नव्हतं. मी गावातल्या दुकानांच्या साइट उघडत गेले. एका मिठाईवाल्याच्या साइटमागे तीच ओळ सापडली, फाट्यासकट. मिठाईवाल्यानं बनवणाऱ्याचं नाव सहज सांगितलं. “पोऱ्या चांगला शे मॅडम. आधी जीप भरे, मंग त्यानी कॉम्प्युटरना क्लास करा.” मजूर त्याचाच आतेभाऊ निघाला. पुढचं सगळं दोषारोपपत्रात आहे.

त्यात नाही ती दुपार. मी परत आले तेव्हा साहेबांच्या केबिनमध्ये शेठजींचा अटक पंचनामा लिहून झाला होता. वरून फोन येत होते, मुलांचे आईबाप फाटकाशी बसले होते, आणि साहेबांना त्यांना काहीतरी सांगायचं होतं. शेठजींच्या हातात पेन होतं. त्यांची बायको दारात उभी होती. एकदा अटक झाली की त्या गावात त्यांच्या दुकानाची पायरी कोणी चढलं नसतं, पुढे सुटले असते तरीही.

या गुन्ह्यानं मला एक शिकवलं. लोकांना दाखवायचं ते माणूस सांभाळून लिहितो. कोणी वाचणार नाही असं जिथे वाटतं, तिथे तो स्वतःच्या सवयीनं लिहितो. तपास तिथून सुरू करावा. पण वाचून गप्प बसलं तर तो तपास होत नाही, हेही त्याच दुपारी कळलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलंही नव्हतं. मी टेबलापर्यंत गेले आणि म्हणाले, “सर, यांची सही घेऊ नका. साइट यांनी केलेली नाही. कोणी केली ते मला माहीत आहे.”